रिपोर्ट नॉर्मल, तरी धडधड थांबत नाही: गरोदरपणातला त्रास आणि त्यामागची भीती

तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्हाला सव्विसावा आठवडा चालू आहे. गेले दोन महिने आठवड्यातून दोन-तीनदा अचानक छातीत धडधडतं, मधेच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो, श्वास पुरत नाही, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. पाव तासात सगळं ओसरतं. ईसीजी, टू-डी इको, हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बीपी सगळं नॉर्मल आलं. याआधीचं गरोदरपण नवव्या आठवड्यात संपलं होतं. डॉक्टर म्हणतात, "टेन्शन घेऊ नका." आणि तुम्ही विचारता: काही निसटतंय का? की हा सगळा मनाचा खेळ आहे? आणि माझ्या या भीतीनं बाळाला काही होईल का?

पहिली गोष्ट म्हणजे तुम्हाला होणारा त्रास खरा आहे. रिपोर्ट नॉर्मल येणं याचा अर्थ त्या त्या तपासणीत जे आजार दिसले असते ते दिसले नाहीत, एवढाच. तुम्हाला काही जाणवलंच नाही, असा त्याचा अर्थ कुणी काढत असेल तर तो चूक आहे. मी वर्षानुवर्षं गरोदर बायका तपासते आहे आणि "टेन्शन घेऊ नका" या वाक्यानं कुणाचं टेन्शन उतरलेलं मी पाहिलेलं नाही. उतरतं ते कारण नीट समजल्यावर. म्हणून आधी शरीरात काय चाललंय ते बघू.

गरोदरपणात रक्ताचं एकूण प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. हे वाढलेलं रक्त फिरवायला हृदयाला दर मिनिटाला १० ते २० ठोके जास्त टाकावे लागतात, आणि तुमच्या आठवड्यापर्यंत हा भार जवळपास शिखरावर पोचलेला असतो. त्याच काळात रक्तवाहिन्या सैलावतात, त्यामुळे बीपी साधारण मध्यावर सगळ्यात खाली असतं. पटकन उठलं, बराच वेळ उभं राहिलं, उताणं झोपलं की घेरी येते ती यामुळे. विसाव्या आठवड्यानंतर उताणं झोपल्यावर गर्भाशयाचं वजन पोटातल्या मोठ्या नीलेवर पडतं आणि हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. कुशीवर वळलं की एक-दोन मिनिटांत बरं वाटतं. तुमचा त्रास उताण्या स्थितीत जास्त होतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पुढच्या वेळी एवढं जरूर बघा.

आता तो "चुकलेला" ठोका. खरं तर तो चुकलेला नसतो, तो आधी आलेला असतो. एखादा ठोका वेळेआधी पडतो, तेव्हा हृदय पुरतं भरलेलं नसतं, त्यामुळे तो नाडीला जाणवतही नाही. त्यानंतर नेहमीपेक्षा थोडी लांब विश्रांती येते. त्या विश्रांतीत हृदय जास्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात पडतो. छातीत बसलेला धक्का म्हणून आपल्याला जाणवतो तो हा पुढचा ठोका. असे आगाऊ ठोके धडधाकट माणसांतही पडतात, गरोदरपणात जास्त पडतात, आणि इको नॉर्मल असेल, चक्कर येऊन शुद्ध हरपत नसेल, तर बहुतेक वेळा ते निरुपद्रवी असतात.

श्वासाची गोष्ट मी प्रत्येक पेशंटला सविस्तर सांगते, कारण ती सहसा कुणी सांगत नाही आणि तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यात आहे. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं आणि ते मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राला जास्त श्वास घ्यायला लावतं. श्वासांची संख्या फारशी वाढत नाही, पण प्रत्येक श्वास मोठा होतो. परिणामी रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब एरवीच्या ४० वरून ३० मिमीच्या आसपास येतो. हे बाळाच्या सोयीचंच आहे, त्याचा कार्बन डायऑक्साइड आईकडे सहज यावा म्हणून. पण त्यामुळे निम्म्याहून जास्त निरोगी गरोदर बायकांना कधी ना कधी "श्वास पुरत नाही" असं वाटतं, तेही ऑक्सिजन उत्तम असताना.

अशा शरीरात घाबरून आणखी दहा-वीस खोल श्वास घेतले तर काय होईल? आधीच कमी असलेला कार्बन डायऑक्साइड आणखी खाली जातो. ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, हात गार पडतात, छाती आवळल्यासारखी वाटते. ही लक्षणं बघून भीती वाढते, श्वास आणखी वाढतो, अ‍ॅड्रिनालिन सुटतं, ठोके वाढतात. सुरुवात एका साध्या आगाऊ ठोक्यानं झालेली असते. तुम्ही सांगितलेली लक्षणं, त्यांचा क्रम आणि पाव तासात ओसरणं, हे सगळं या साखळीशी जुळतं. मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे हा शेवटचा निर्णय समजू नका. पण तुमच्या डॉक्टरांसमोर ठेवावी अशी ही शक्यता नक्की आहे. आणि यात मनाचा खेळ वगैरे काही नाही. शरीरात घडलेला बदल, त्यानं आलेली भीती आणि भीतीनं शरीरात घडवलेला दुसरा बदल, अशी ती साखळी आहे.

मग काही निसटतंय का? तुमच्या रिपोर्टच्या यादीत मला दोन गोष्टी दिसल्या नाहीत. एक म्हणजे फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी. हिमोग्लोबिन ११ च्या वर असतानाही शरीरातला लोहाचा साठा रिकामा असू शकतो. फेरिटिन ३० च्या खाली असेल तर गरोदरपणात लोहाची कमतरता धरून उपचार करतात. थकवा, धडधड, रात्री पाय स्वस्थ न राहणं, यामागे हे बरेचदा असतं. दुसरी गोष्ट होल्टर, म्हणजे अंगावर लावून सतत ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र. ईसीजी काही सेकंदांचा असतो आणि तुमचा त्रास तेव्हा होत नसतो. होल्टर चोवीस तास किंवा जास्त वेळ लावता येतो, आणि त्याच्याबरोबर "किती वाजता काय वाटलं" हे लिहून ठेवलं तर त्या नेमक्या मिनिटाला हृदय काय करत होतं ते दिसतं. त्रास होताना ठोका नियमित निघाला तर ती माहिती दहा नॉर्मल ईसीजींपेक्षा मोलाची. शिवाय सर्दीच्या गोळ्या, दम्याचा पंप, चहा-कॉफी यांबद्दल डॉक्टरांना सांगितलंत का? कॅफिन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं असतं आणि धडधड असेल तर त्याहून कमी.

रिपोर्ट वाचण्याबद्दलही थोडं सांगते, कारण तुम्ही ते नेटवर टाकून बघता असं लिहिलंय. लॅबच्या कागदावर शेजारी छापलेली "नॉर्मल" मर्यादा सहसा गरोदर नसलेल्या माणसाची असते. गरोदरपणात पांढऱ्या पेशी वाढतात, ईएसआर वाढतो, डी-डायमर वाढतो, वारेमुळे अल्कलाइन फॉस्फेटेज वाढतं. या सगळ्यांपुढे ठळक खूण येते आणि रात्री एक वाजता ती खूण बघून माणूस कर्करोगापर्यंत पोचतं. याच्या उलटही होतं: मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन गरोदरपणात खाली जातं, त्यामुळे कागदावर खूण नसलेला १.० हा आकडाही गरोदर बाईत तपासण्यासारखा असतो. म्हणून रिपोर्ट तुमचा आठवडा माहीत असलेल्या माणसानंच वाचायला हवा.

आता जे कधीही "टेन्शन असेल" म्हणून सोडायचं नाही ते. विसाव्या आठवड्यानंतर न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं किंवा धूसर दिसणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहरा अचानक सुजणं, किंवा बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त. एकाच पायाची पोटरी सुजणं, दुखणं, गरम लागणं. अचानक धाप लागणं, श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त. आडवं पडल्यावर वाढणारी आणि उठून बसल्यावर कमी होणारी धाप. शुद्ध हरपणं. शांत बसूनही ठोके १२० च्या वर राहणं. अंगावर पुरळ नसताना तळहात-तळपायांना रात्री खाज येणं, कारण त्यात यकृताशी संबंधित पित्ताम्लांची रक्ततपासणी लागते. रक्तस्राव, पाणी जाणं, ठरावीक अंतरानं येणाऱ्या कळा. आणि बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, गरज पडली तर रात्रीच, दवाखाना गाठायचा. तुम्ही आधी चार वेळा घाबरून गेला होतात आणि काही निघालं नव्हतं, म्हणून पाचव्या वेळी घरी बसायचं नाही.

आता भीतीबद्दल. नऊ आठवड्यांवर एक गरोदरपण गमावलेल्या बाईनं शरीरातल्या प्रत्येक हालचालीकडे कान लावून बसणं यात विचित्र काही नाही. तेव्हा काही कळायच्या आत सगळं संपलं होतं, आता निदान लवकर कळावं म्हणून मन पहारा देतं. अडचण अशी की पहारा जितका कडक, तितके छोटे छोटे बदल जास्त जाणवतात. एरवी ज्या ठोक्याची दखलही घेतली नसती तो आता छातीत घण घातल्यासारखा लागतो.

१९८६ मध्ये हिलरी वॉरविक आणि पॉल साल्कोव्स्किस या दोन संशोधकांनी आरोग्याच्या चिंतेची जी मांडणी केली, तिचा गाभा आजही उपचारात वापरला जातो. चिंता टिकून राहते ती चिंता कमी करण्यासाठी आपण जे करतो त्याच्यामुळेच: वारंवार तपासणं, वारंवार विचारणं, वारंवार वाचणं. खाज खाजवल्यासारखं आहे हे. क्षणभर सुख, आणि मग आधीपेक्षा जास्त आग.

माझ्याकडे आलेल्या एका बाईनं ऑक्सिमीटरचे आकडे वहीत लिहून आणले होते. सुबक रकाने, तारीख, वेळ, ऑक्सिजन, ठोके. सुरुवातीच्या पानांवर दिवसातून दोन नोंदी होत्या. शेवटच्या पानांवर पहाटे तीनच्या सुमारास काही मिनिटांच्या अंतरानं सलग नोंदी. ९८, ९८, ९७, ९८, आणि मधेच एक ९१, त्याभोवती लाल वर्तुळ. त्या ९१ नंतर तिनं रात्रभर डोळा लावला नव्हता. बोट गार होतं आणि नखांवर गडद रंग होता, या दोन्हींनी ऑक्सिमीटर खोटा कमी आकडा दाखवतो. पण मला त्या वहीत वेगळंच दिसलं: बाकी पानंच्या पानं भरून आलेल्या उत्तम आकड्यांनी तिला धीर मिळाला नव्हता, आणि एका आकड्यानं तो पूर्ण गेला होता. तपासून मिळणारा धीर असाच असतो.

तुम्ही घरी वापरायचा डॉपलर, म्हणजे बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र, घेतल्याचं लिहिलंय. तो कृपा करून बाजूला ठेवा. त्यात तुमच्याच रक्तवाहिन्यांचा किंवा वारेचा आवाज बाळाचा ठोका म्हणून ऐकू येतो, आणि हालचाल खरंच कमी झालेली असताना त्या आवाजावर विसंबून बायका घरी थांबतात. ते धोक्याचं आहे. उलट बाजूनं, बाळ बरं असताना ठोका सापडला नाही की आकाश कोसळतं. बाळाच्या हालचालीकडे लक्ष देणं मात्र सोडू नका. ते या चिंतेच्या खात्यात मोडत नाही. तुमच्या बाळाची रोजची जी पद्धत आहे ती ओळखीची ठेवा आणि ती बदलली तर फोन करा.

प्रत्यक्ष करायचं काय, तर पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं: डॉक्टर एकच ठेवा आणि त्यांच्याबरोबर एका कागदावर करार करा. कोणत्या लक्षणाला लगेच यायचं, कोणत्या लक्षणाला दुसऱ्या दिवशी फोन करायचा, आणि कोणतं लक्षण पुढच्या भेटीपर्यंत वहीत लिहून ठेवायचं. वर दिलेली धोक्याची लक्षणं पहिल्या रकान्यात जातील. तुमची ती पाव तासाची धडधड होल्टरनंतर बहुधा तिसऱ्या रकान्यात जाईल. हा कागद दिवसा, शांत डोक्यानं, जाणकार माणसाच्या समोर लिहायचा असतो, म्हणजे पहाटे तीन वाजता निर्णय घ्यावा लागत नाही, फक्त वाचावा लागतो. भेटीही ठरलेल्या तारखांना घ्या, त्रास होवो न होवो. त्रास झाला तरच भेट मिळते असं झालं की शरीर आणि मन दोन्ही त्याच वाटेनं जायला शिकतात.

धडधड सुरू झाली तर डाव्या कुशीवर व्हा किंवा टेकून बसा. खोल श्वास घेऊ नका. सगळे तोच सल्ला देतात आणि तुमच्या बाबतीत तोच त्रास वाढवतो. नाकानं साधा श्वास घ्या, मनात चार मोजून, आणि सहा मोजत हळू सोडा. पाच मिनिटं एवढंच. तोंडाला कागदी पिशवी लावण्याचा जुना उपाय करू नका, तो सुरक्षित नाही. मुंग्या श्वास मंदावल्यावर हळूहळू उतरतात, आणि एकदा स्वतःच्या डोळ्यांनी हे पाहिलंत की साखळीची एक कडी सुटते. मुंग्या फक्त अंगठा आणि शेजारच्या दोन-तीन बोटांत, रात्री, हात झटकल्यावर कमी होणाऱ्या असतील तर ते वेगळं आहे. मनगटातल्या सुजेनं तिथली नस दाबली जाते, त्याला मनगटाची पट्टी लागते.

तपासण्याची सवय एका दिवसात सुटत नाही, सोडूही नका. ऑक्सिमीटर हातात घ्यावासा वाटला की वीस मिनिटं थांबायचं, एवढाच नियम करा. बहुतेकदा वीस मिनिटांत तो आवेग उतरतो. पुढच्या आठवड्यात चाळीस मिनिटं. रात्री लक्षणं शोधणं मात्र पूर्ण बंद करा, त्यातून आजवर कुणाला निदान मिळालेलं मला माहीत नाही, जागरण तेवढं मिळतं. घरच्यांनाही सांगा. "मला काही होणार नाही ना?" असं तुम्ही विचारलंत की ते शंभराव्यांदा "नाही गं" म्हणतात, प्रेमापोटीच. त्याऐवजी "कागदात काय लिहिलंय, बघू या का?" असं त्यांनी म्हणावं. सुरुवातीला राग येईल. दोघांनी आधी ठरवलेलं असलं तर तो टिकत नाही.

बाळाबद्दल तुमचा प्रश्न. धडधडीच्या किंवा घाबरण्याच्या एखाद्या झटक्यानं बाळाला इजा होत नाही. तुम्हाला ती पंधरा मिनिटं भयंकर वाटतात, पण बाळ ती सहज पेलतं. महिनोन्‌महिने चालणाऱ्या, उपचार न केलेल्या तीव्र चिंतेचा आणि वेळेआधी प्रसूती किंवा कमी वजन यांचा काही संबंध अभ्यासांत दिसला आहे, पण तो फार मोठा नाही आणि अशा चिंतेतल्या बहुसंख्य बायकांची बाळं वेळेवर आणि चांगल्या वजनाची जन्मतात. हे वाक्य तुम्हाला घाबरवण्यासाठी लिहिलेलं नाही. उपचार मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, हे कळावं म्हणून लिहिलंय.

उपचार आहेत आणि ते चालतात. गरोदरपणात साधारण सातांपैकी एका बाईला चिंतेचा विकार असतो, म्हणजे तुम्ही एकट्या नाही. पुढच्या भेटीत नैराश्य आणि चिंता चाचपणारी एडिनबरा प्रश्नावली भरून घ्यायला सांगा. १९८७ पासून वापरात असलेले ते दहा प्रश्न आहेत, त्यातले तीन थेट चिंतेबद्दल आहेत. आरोग्याच्या चिंतेसाठी संज्ञानात्मक वर्तन उपचार, म्हणजे सीबीटी, सर्वात चांगला तपासलेला आहे. वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या बाह्यरुग्ण विभागांत येणाऱ्या ४४४ रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. सरासरी सहा सत्रांनीच चिंता कमी झाली आणि ती सुधारणा दोन वर्षांनंतरही टिकून होती. तो अभ्यास खास गरोदर बायकांवरचा नव्हता, पण पद्धत तीच आहे आणि तिच्यात औषध घ्यावं लागत नाही. झोप, खाणं, कामं बिघडली असतील तर औषधाचा विचार करायला कचरू नका. सर्ट्रालीनसारखी चिंता-नैराश्यावरची औषधं गरोदरपणात अनेक वर्षं वापरली जात आहेत, मानसोपचारतज्ज्ञ फायदा-तोटा तोलून ती देतात. आधीपासून असं औषध चालू असेल तर ते मनानं बंद करू नका. झोपेच्या किंवा चिंतेच्या बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका.

एक शेवटची काळजी मला वाटते, ती आत्ताच सांगून ठेवते. फाइलवर एकदा "चिंताग्रस्त" असा शेरा पडला की पुढचं प्रत्येक लक्षण त्याच चष्म्यातून बघितलं जातं, डॉक्टरांकडूनही. तुमचा सव्विसाव्या आठवड्याचा इको आज चांगला आहे, पण हृदयाचे स्नायू कमजोर होण्याचा एक आजार नवव्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांत नव्यानं सुरू होऊ शकतो. तो फार थोड्या बायकांना होतो. तेव्हा आडवं पडल्यावर धाप लागू लागली, रात्री गुदमरून जाग यायला लागली, पायांची सूज कमी होण्याऐवजी वाढत गेली, तर "आधीही असंच व्हायचं" असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका, तुम्ही स्वतःलाही म्हणू नका. हा त्रास आधीच्यापेक्षा कसा वेगळा आहे ते डॉक्टरांना नेमकं सांगा आणि इको पुन्हा करून मागा.